निशिकांतचे त्रेचाळीस दोष

"बाई, खरे अभिप्राय हवेत. गोड गोड नकोत," असं म्हणून तारमास्तरांनी माझ्या टेबलावर एक पोस्टकार्ड ठेवलं.

मी ते उचलून वाचलं. पुण्याच्या प्रकाशकाचं होतं. 'आपल्या किशोर कादंबरीच्या दुसऱ्या भागाविषयी कळले. पहिल्या भागाबद्दल आपल्या गावातील मुलांचे लेखी अभिप्राय पाठवावेत, ते पाहून दुसऱ्याचा विचार करू.' खाली सहीच्या जागी नुसता फराटा होता.

"आणि अभिप्राय वाईट आले तर?" मी विचारलं.

"तर दुसरा भाग निघणार नाही." मास्तर हसले. "पण येतील हो चांगले. वाचनालयातल्या पाचही प्रती सदा बाहेरच असतात ना?"

प्रती बाहेर असत हे खरं होतं. परत येत तेव्हा त्यांचे कोपरे दुमडलेले, शिवण उसवलेली, एकीची तर शेवटची चार पानं कुणी तरी वहीच्या कागदावर हाताने उतरवून मागे चिकटवलेली. मी म्हणायची, बांधणीच भिकार, दुसरं काय होणार. पुस्तक चांगलं असेल म्हणून फाटलं असेल, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एम. ए. मराठी होतं, त्यामुळे बाकी कशाला फारशी जागा नव्हती.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. विट्याच्या अलीकडच्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळत होते. वय एकोणतीस, जीभ तिखट, आणि गावातल्या एकूण एक वाचकाबद्दल मनात तुच्छता. तेव्हा त्याला मी अभिरुची म्हणत असे. कुणी रिटायर्ड तलाठी रहस्यकथा परत करताना म्हणायचा, "बाई, नायिका जरा उजळ पाहिजे होती." कुणाची सासू म्हणायची, "शेवटी लग्न लागणार असलं तरच द्या, नाहीतर उगीच डोळे कशाला शिणवा." मी सगळ्यांना पुस्तकं द्यायची आणि पाठ वळली की नाक मुरडायची. नाकाने कांदे सोलायची सवय होती म्हणा ना.

या सगळ्यांत जनार्दन तारळेकर, म्हणजे आमच्या पोस्टातले तारमास्तर, मला सगळ्यात विनोदी वाटायचे. पन्नाशीचा माणूस, एकटा, अंगात खाकी सदरा. दिवसभर काउंटरमागे बसून 'आई सीरियस लवकर ये' असल्या तारा कट्टकड करत पाठवायच्या, आणि घरी जाऊन हेरकथा लिहायची. कादंबरीचं नाव 'हेर निशिकांत आणि बर्फातला पाणबुड्या'. नावातच सगळं आलं.

हा निशिकांत पंधरा वर्षांचा. मिरजेत राहतो. दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली, आणि हा एका संध्याकाळी मिरजेच्या स्टेशनात गाडीत बसतो तो सकाळी थेट हिमालयात. तिथे बर्फ फोडून तळ्यात उडी मारतो, अंगात सदराही न घालता. तळाशी शत्रूचा पाणबुड्या, तो शुद्ध मराठीत धमक्या देतो. मग निशिकांत हेलिकॉप्टर चालवतो. कुठे शिकला, विचारू नका. सात भाषा येतात, त्याही विचारू नका. आणि या सगळ्या काळात त्याची आई एकदाही म्हणत नाही, "मेल्या, कुठे उलथला होतास?" त्यात एकच गोष्ट बरोबर होती, ती म्हणजे मनगटातल्या घड्याळातून तो जे संदेश पाठवायचा ते कट्टकड, तारेच्या लिपीतलं. ते मास्तरांना पाठच होतं.

"खरे अभिप्राय मिळतील," मी म्हटलं. "आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मुलांना बोलावू. तुमच्यासमोर उभं राहून वाचू देत."

"माझ्यासमोर?" मास्तरांचा चेहरा एवढा उजळला की मलाच मिनिटभर बघवेना. "बाई, फार उपकार होतील."

त्या शनिवारी मी मुलांना सतरंजीवर बसवलं. आठवी-नववीची पंचवीसएक पोरं होती. मी फळ्यावर लिहिलं, अभिप्राय. मग विचारलं, "काय लिहाल?"

"पुस्तक लई भारी आहे," मागून एकजण म्हणाला आणि सगळी हसली.

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "आवडलं, छान आहे, लई भारी, असं लिहिलेली चिठ्ठी मी घेणार नाही. आवडायला काय, भजीपण आवडतात. अभिप्राय म्हणजे परीक्षण. त्यात दोष दाखवता आले पाहिजेत. ज्याला दोष दिसत नाहीत त्याने पुस्तक वाचलंच नाही असं मी समजेन. जो सर्वांत जास्त दोष काढेल त्याला माझ्याकडून शब्दकोश."

रेहाना मुजावर नावाची आठवीतली एक मुलगी पुढेच बसली होती. डोळे मोठे, वेणी तिरकी, सगळ्या गावात माझ्याकडून सर्वाधिक पुस्तकं नेणारी. तिने हात वर केला.

"बाई, नसला दोष तर?"

"दोष नसलेलं पुस्तक या गावात तरी लिहिलं गेलेलं नाही. शोध, सापडेल."

"बरं," ती म्हणाली आणि प्रत मागून घेऊन गेली.

मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं. खेड्यातल्या पोरांना मी समीक्षा शिकवते आहे. हे मी त्या आठवड्यात तीन जणांना सांगितलंसुद्धा.

वर्धापनदिन आला. दुपारी चारचा कार्यक्रम, सतरंज्या, दोन खुर्च्या, एक नारळ. अध्यक्ष बापूसाहेब इनामदार, निवृत्त हेडमास्तर. त्यांना अध्यक्षपदाची खुर्ची लाभली की दहा मिनिटांत झोप लागायची. दुसऱ्या खुर्चीवर तारमास्तर. त्या दिवशी खाकी सदऱ्याऐवजी पांढरा, कडक इस्त्रीचा. मांडीवर एक वही आणि पेन्सिल.

"मुलांनो, घाबरू नका," मी म्हटलं. "लेखक समोर आहेत म्हणून भीड बाळगायची नाही."

पहिला मुलगा उठला. घसा खाकरला. "निशिकांत पंधरा वर्षांचा आहे. त्याला हेलिकॉप्टर चालवण्याचे लायसन कोणी दिले, हे लेखकाने सांगितलेले नाही."

मास्तरांनी मान डोलवली आणि वहीत लिहून घेतलं.

दुसरा उठला. "मिरजेहून हिमालयात एका रात्रीत जाता येत नाही. माझे मामा रेल्वेत आहेत. त्यांनी सांगितले, दोन रात्री तरी लागतात."

मास्तरांनी तेही लिहिलं.

"तळ्यातले पाणी बर्फाचे असल्याने निशिकांत मेला पाहिजे होता."

"शत्रू परदेशी असून त्याला मराठी कसे येते?"

"निशिकांतने अभ्यास केव्हा केला?"

"निशिकांतच्या आईचे नाव कुठेही नाही. तिला एकच वाक्य आहे, ते म्हणजे 'जेवून जा.'"

या वाक्याला सभेत हशा झाला. बापूसाहेब जागे होऊन हसले आणि परत झोपले. मीही हसले. मला आठवतंय, मी तोंडावर पदर धरला होता, म्हणजे हसताना दिसू नये म्हणून नव्हे, तर दिसावं पण सभ्यपणे.

शेवटी रेहाना. तिच्या हातात चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तिने सोळा दोष वाचले. एक सांगते. पान ऐंशीवर निशिकांतच्या उजव्या हाताला गोळी लागते आणि पान शहाऐंशीवर तो उजव्या हातानेच दोरी चढतो. खुद्द मलाही हे दिसलं नव्हतं. मी मान हलवून शाबासकी दिली. शब्दकोश तिलाच मिळणार हे नक्की झालं.

सगळे मिळून त्रेचाळीस दोष भरले. मास्तरांनी शेवटी आकडा घातला आणि खाली रेघ मारली. मग त्यांना चार शब्द बोलायला उभं केलं.

"मुलांनी फार बारकाईने वाचलं," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "इतक्या बारकाईने मी लिहिलं नव्हतं. तुमचा आभारी आहे." आणि खाली बसले. चहासुद्धा न घेता गेले. मी मनात म्हटलं, झोंबलं वाटतं. सत्य झोंबायचंच.

अभिप्रायांच्या चिठ्ठ्या पुण्याला पाठवायला म्हणून मी एका पाकिटात घालून ठेवल्या. मास्तर न्यायला आलेच नाहीत. एक महिना गेला, दोन गेले. एरवी शनिवारी वाचनालयात हटकून येणारा माणूस. मी विचारपूस केली नाही. अपमान सहन होत नसेल तर लिहावं कशाला, हे माझं तेव्हाचं मत.

मग एका दुपारी रेहाना आली. पुस्तक बदलून झालं तरी टेबलापाशी उभीच.

"काय गं?"

"बाई, दुसरा भाग कधी यायचा?"

"कशाचा?"

"निशिकांतचा. पहिल्याच्या शेवटी लिहिलंय ना, पाणबुड्याचा भाऊ निसटला म्हणून. आम्ही वाट बघतोय."

"आम्ही कोण?"

"सगळेच." तिने वर्गातल्या पाचसहा जणांची नावं घेतली. हेलिकॉप्टरच्या लायसनवाला त्यात होता, रेल्वेतल्या मामाचा भाचाही होता.

मला हसूच आलं. "अगं, तू तर सोळा दोष काढलेस. भर सभेत वाचलेस. ते पुस्तक तुला आवडतं?"

रेहानाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू विचारतेय, हिला एम. ए. कुणी केलं.

"तुम्हीच म्हणालात, दोष काढा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकपण दिसला नाही. दुसऱ्यांदापण नाही. दोष शोधायचे म्हणून मी ते नऊ वेळा वाचलं, बाई. दर वेळी बर्फात उडी मारायची जागा आली की मी विसरून जायची, काय शोधत होते ते."

"मग तसं का नाही लिहिलंस?"

"तुम्ही चिठ्ठी घेणार नव्हता."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. वाचनालयाचा नियम सांगावा तसं बोलली. मी रजिस्टर उघडून उगीचच त्यात बघत बसले. त्या पाच प्रतींच्या नोंदी काढल्या. रेहाना, तो लायसनवाला, तो भाचा, परत रेहाना, परत लायसनवाला. सगळे तेच. गावातल्या पोरांनी एक पुस्तक आपसांत फिरवून फिरवून झिजवलं होतं, आणि मी तीन महिने बांधणीला नावं ठेवत होते.

वाचनालय बंद केलं आणि तशीच पोस्टात गेले. मास्तर यंत्रापुढे बसले होते. मला बघून उठले.

"बाई, तुम्ही? मीच यायचा होतो. जरा काम होतं, ते परवाच संपलं."

"मास्तर, ते अभिप्राय..."

"त्याचंच काम." त्यांनी खणातून कागदांचा गठ्ठा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "दुसरा भाग. आधी लिहिलेलाच होता. पण तुमच्या मुलांनी त्रेचाळीस दोष दाखवल्यावर तसाच कसा पाठवणार? सगळा बदलला. पेन्सिलीने लिहायची सवय, ते एक बरं झालं. खोडलं आणि त्याच कागदावर परत लिहिलं."

"सगळं खोडलं?"

"एक एक दोष घेऊन बसलो. आता एकही नाही. तुम्ही वाचा, तुमचं मत सांगा. मग मुलांना द्या. ठीक वाटलं तर पुण्याला पाठवतो."

त्यांना वाटत होतं, मी दुसऱ्या भागाची चौकशी करायला आले आहे. मी गठ्ठा घेतला. आतून काहीतरी मला सांगत होतं की इथेच, आत्ताच बोल. मी बोलले नाही. म्हटलं, आधी वाचू. कदाचित चांगलं असेल. माणूस स्वतःला किती सहज फसवतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहा घेऊन वाचायला बसले. निशिकांत आता सतरा वर्षांचा. दहावीला त्याला एकाहत्तर टक्के, आणि ते का हेही दिलेलं. आईचं नाव मालती. तिला भरपूर वाक्यं. पाणबुड्याच्या भावाचा पत्ता लागतो तेव्हा निशिकांत पोलिसांना कळवतो, कारण एवढ्या लहान मुलाने स्वतः जाणं बरोबर नाही. पोलीस अर्ज मागतात. तो अर्ज करतो. मग रेल्वेचं आरक्षण मिळत नाही म्हणून तीन दिवस थांबतो. गाडीला दोन रात्री लागतात, त्या दोन्ही रात्री पानोपान होत्या, स्टेशनांच्या वेळांसकट. त्या वेळा बरोबर होत्या. मी वेळापत्रक काढून पडताळल्या.

सगळं बरोबर होतं. मी आयुष्यभर ज्या पुस्तकांची मागणी करत होते, संभाव्य, जबाबदार, तर्काला धरून, ते हेच. आणि पान चाळीसच्या पुढे मला जाववेना. चाळिसाव्या पानावर चष्मा काढून ठेवला आणि मला चक्क रडू आलं. पुस्तकासाठी नव्हे. ते कागद उजेडाकडे धरून पाहिले तर खोडलेल्या अक्षरांचे वळ दिसत होते. एका जागी 'उडी' एवढंच लागलं. बाकी काही वाचता येईना.

तरी मी गठ्ठा रेहानाला दिला. मनात वेडी आशा, की पोरीला आवडेल. दोन दिवसांनी तिने परत आणला. सगळ्यांनी मिळून वाचला म्हणाली.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

"आणि?"

"दोष नाहीत त्यात, बाई. आम्ही बघितलं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो आधीचा आहे का, मास्तरांनी पहिल्यांदा लिहिलेला? तो द्या ना."

"तो नाही राहिला."

ती वळली. कपाटाकडे जाऊन बराच वेळ पुस्तकं बघत राहिली आणि भूगोलाचं एक घेऊन गेली.

मग मी पोस्टात गेले. गठ्ठा काउंटरवर ठेवला. मास्तरांच्या समोर पुण्याचा पत्ता लिहिलेलं मोठं पाकीट तयारच होतं.

"वाचलं? मुलांनी?"

"वाचलं."

"काय म्हणतात?"

मी इतक्या पुस्तकांची चिरफाड केलेली बाई. आणि तोंडातून निघालं, "छान आहे म्हणतात."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग पाकीट बाजूला सरकवलं. "तीस वर्षं तारा घेतोय मी, बाई. ज्याच्यापाशी चांगली बातमी असते तो शब्द वाढवतो. आवरता आवरत नाहीत त्याला. थोडक्यात येतं ते वाईटच असतं."

"मास्तर, मी चुकले," मी म्हटलं. माझा आवाज इतका फाटला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मुलांना पहिला भाग जीव की प्राण होता. त्यांनी तो नऊ नऊ वेळा वाचला. मी त्यांना ते लिहू दिलं नाही. दोषच काढा म्हणाले. शब्दकोशाचं आमिष दाखवलं. मला वाटत होतं, मी फार शहाणी. तुम्हाला मी हसत होते. पुण्याला मी स्वतः लिहिते सगळं. तुम्ही फक्त पहिल्यासारखं लिहा. खोटं लिहा, अशक्य लिहा. पोरं वाट बघताहेत."

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नऊ वेळा," ते म्हणाले.

"हो."

"कोणी?"

"रेहानाने."

"मुजावरांची." त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदच दिसला, आणि तोच मला सोसवेना. "तुम्ही चुकला नाहीत, बाई. एकही दोष खोटा नव्हता. मी शोधलं, एक तरी खोटा निघतो का."

"मग लिहाल?"

"बसतो की. परवाही बसलो होतो, नवं काही लिहायला." त्यांनी गठ्ठा उचलून खणात ठेवला. "निशिकांत उंबऱ्यापर्यंत येतो. बूट घातलेले असतात. पण आता पाऊल टाकायच्या आधी वळून मला विचारतो, मास्तर, हे लोकांना पटेल का? मी म्हणतो, नाही रे पटणार. मग तो बूट काढतो आणि आत जाऊन अभ्यासाला बसतो."

एवढं बोलून ते पुढच्या माणसाची तार घ्यायला वळले.